जनूचा पुढचा ब्रेक

ऑक्टोबर २००८ मधला पहिला रविवार, सकाळ. जनार्दनच्या घरी मी पोचलो तेव्हा हजर असलेले : त्याची बायको सुलभावहिनी, त्याचा मोठा भाऊ, वाडीतली काही माणसं आणि पाचूबंदरचा इनास. कुठल्याही खोलीत शिरल्यावर कोण आहे, कोण नाही, हे आधी पाहून घ्यायची मला सवय आहे. कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात आयुष्य गेलं, तिथली ही सवय मयताच्या घरातही सुटली नाही. जनू चटईवर होता. झोपेतच गेला, काहीही न सांगता. आणि त्याच्या उशाशी इनास मांडी घालून बसला होता, घरातलाच असल्यासारखा. मला निरोपही त्याच्याकडूनच आला होता. "अरुन, आपला जनू गेला रं. ये तू." म्हणजे वहिनींनी आधी त्याला फोन केला होता. पाचूबंदर त्यांच्या गावापासून जवळ, मी राहतो ते तुळिंज लांब, रुळांच्या पलीकडे. अशा वेळी कोणी क्रम लावून फोन करत नाही, हाताला लागेल तो नंबर फिरवतं. हे सगळं मला समजतं. तरी चपला काढताना माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हा माझ्या आधी कसा...

तिरडी उचलताना उंची जुळवावी लागते. भाऊ आणि इनास सारख्या उंचीचे, म्हणून ते दोघे पुढे. मी बुटका, मागे. सबंध वाटभर मला इनासची पाठ दिसत होती. त्याच्या गळ्यातल्या क्रुसाचा काळा दोरा घामाने मानेला चिकटला होता.

आता काही आठवडे लोटले आहेत. या पुरवणीच्या वाचकांपैकी जनार्दनला ओळखणारे फारसे नसतील. वसईकडच्या रस्त्यांवर रविवारी सकाळी निळ्या सायकलीवर एक उंच, सडपातळ माणूस काहींनी पाहिला असेल. ज्याचे पाय उतारावरही थांबत नसत, तो जनू. त्याची सायकल फिक्स होती. आपल्या नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. फिक्समध्ये ते नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल रोखलं तर चाक रोखलं जाणार. ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी असते ही. जनूने तरुणपणी मुंबईला अशी एक शर्यत पाहिली आणि तेव्हापासून तशी सायकल रस्त्यावर चालवायचं त्याच्या डोक्यात होतं. पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते मला. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आम्ही वसई पूर्वेच्या एका कारखान्यात होतो. तो मेंटेनन्सला फिटर, मी स्टोअरला. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं असतील. तो खाडीकडच्या भातशेतीवाल्या घरातला, मी कोकणातून येऊन तुळिंजला फ्लॅट घेतलेला. एरवी आमचा संबंध स्टोअरच्या खिडकीपुरता. त्याला बेअरिंग हवं असलं की तो मागणीचा कागद, म्हणजे इंडेंट, न भरताच यायचा आणि मी त्याला परत पाठवायचो. पुढे तो मला 'इंडेंट'च म्हणू लागला. "काय इंडेंट, जेवलास का?" एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीवर कोपरं टेकून म्हणाला, "एक सायकल करायची आहे. कागद भरतो. पण माल बाहेरचा आहे, कारखान्याचा नाही." मी तेव्हाच वही पुढे ओढली आणि विचारलं, फ्रेम कुठली? अशी आमची मैत्री सुरू झाली.

फ्रेम साध्या काळ्या सायकलीचीच घ्यायची, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तिच्या मागच्या खाचा लांब आणि आडव्या असतात, त्यामुळे चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते. फिक्सला ते फार महत्त्वाचं, चेन ढिली पडून उतरली तर पाय अडकतो. पुढच्या चकतीला सेहेचाळीस दात. मागच्या चकतीवरून मात्र वाद झाला. त्याला सोळा दात हवे होते, वेग मिळतो म्हणून. मी म्हटलं, सोळा तुझ्या ट्रॅकवर ठीक, राजोडीच्या किनाऱ्याकडे जाताना समोरून समुद्राचा वारा सुटला की गुडघे मोडतील. अठरा घे. तो बरेच दिवस सोळा-सोळा करत राहिला, आणि एका सोमवारी, आदल्या दिवशी साध्या सायकलीला सोळा लावून फिरल्यावर, लंगडत खिडकीवर येऊन म्हणाला, "अठरा." त्या एका शब्दाचा आनंद मला अजून आहे. पुढे त्या सायकलीतलं जवळजवळ सगळं बदललं, पण ते अठरा दात राहिले. ते माझे.

मात्र मागच्या चाकाच्या बाबतीत त्याने माझं ऐकलं नाही. फिक्सचं हब वेगळं असतं. त्यावर दोन प्रकारचे आटे असतात : चकती सरळ आट्यावर बसते, आणि तिच्यावर उलट्या आट्याची एक रिंग आवळतात. पायडल मागे दाबलं की चकती सुटू पाहते, तेव्हा ही रिंग तिला धरून ठेवते. असं हब मिळेपर्यंत थांब, असं मी सांगत होतो. जनूला दम कुठला. त्याने साधं फ्रीव्हील घेतलं, वेल्डिंग करून आतून जाम केलं आणि साध्याच हबवर बसवलं. फिक्स तयार! शिवाय दोन्ही ब्रेक काढून टाकले. मी म्हटलं, "अरे, पुढे दाबशील तोवर ते आवळत जाईल. मागे दाबशील तेव्हा नटासारखं सुटून हातात येईल." तो म्हणाला, "तू स्टोअरवाला. तुला वस्तू कपाटात बघायची सवय."

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर नव्हतो, आमच्या सोसायटीची मीटिंग होती. पाण्याच्या टाकीचा विषय होता आणि मी सेक्रेटरी. टाकीचं काय ठरलं ते आज आठवत नाही, पण त्या सकाळी मी तिथे नव्हतो हे विसरायला होत नाही. कारण त्याच सकाळी जनू किल्ल्याच्या बाजूने पाचूबंदरच्या धक्क्याकडे उतरला, मासळीचा लिलाव चालू होता, पुढे बायका टोपल्या घेऊन उभ्या. त्याने पाय रोखले, मागे जोर दिला, आणि वेल्ड केलेलं ते फ्रीव्हील मी सांगितलं होतं तसं सुटलं. पाय उलटे भर्रकन फिरले, सायकल सरळ. तो टोपल्या चुकवून बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवात घुसला आणि पलीकडे सुकत घातलेल्या जाळ्यात जाऊन पडला. ते जाळं इनासचं.

पुढचं मी जनूच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की मी तिथेच होतो असं वाटतं. इनास जाळं सोडवता सोडवता विचारत होता, "ब्रेक कुठं हाय तुझा?"

"पायात," जनू आतून म्हणाला.

"आनि पाय कुठं हाय?"

दोघे हसायला लागले ते थांबेचनात. मग इनासच्या घरी चहा, पाव, गुडघ्याला हळद. दुपारचं जेवणही तिथेच. सोमवारी जनू खिडकीवर आला तो हातावरचे ओरखडे दाखवत आणि इनासचं सांगत. फ्रीव्हील सुटलं, तुझं बरोबर होतं, असं एका वाक्यात म्हणाला आणि पुन्हा इनासवर गेला. मी बरोबर होतो. तरी त्याला तिथे मित्र मिळाला आणि मला खिडकीत उभं राहून ते ऐकावं लागलं.

खरं हब मीच शोधून आणलं. आमच्याकडे माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याला सांगून ठेवलं होतं, त्याने मुंबईच्या सायकल बाजारातल्या एका जुन्या दुकानातून वापरलेलं पण आटे शाबूत असलेलं हब मिळवलं. रिंगेसकट. जनूने ते हातात घेतलं, रिंग उलटी फिरवून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली, आणि म्हणाला, "इंडेंट, तू देवमाणूस आहेस." संध्याकाळी घरी जाता जाता तो वाट वाकडी करून पाचूबंदरला गेला, हब इनासला दाखवायला. इनासला हबमधलं काय कळणार? तेव्हा त्याला काहीच कळत नव्हतं, आजही कळत नाही, हे तो स्वतःच सांगेल. "चांदीवानी हाय," एवढं तो म्हणाला म्हणे. आणि ते 'चांदीवानी' मग जनूच्या तोंडी बसलं. मी इतकी खटपट केली होती, पण विशेषण इनासचं राहिलं.

पुढे असंच होत गेलं. रिम अल्युमिनियमची घ्यायची हे मी सांगितलं, कारण स्टीलची रिम ओली झाली की ब्रेकचं रबर घसरतं, शिवाय इकडच्या खाऱ्या हवेत गंज. तसंच झालं. पण फ्रेम भट्टीतल्या काळ्या रंगाने रंगवून आणायचं आमचं ठरलेलं असताना ती एका सकाळी निळी होऊन आली. होडीला लावायचा निळा, इनासच्या डब्यात उरलेला. मी म्हटलं, ब्रशचे पट्टे दिसतायत. जनू म्हणाला, "दिसू देत की." हँडलला गुंडाळायची टेप मी आणून दिली होती. ती तशीच पुडीत राहिली. इनासने जाळ्याच्या नायलॉनच्या दोऱ्याने हँडल गुंडाळून दिलं, घट्ट, एकाला एक लागून, टोकाला गाठ कुठे आहे ते दिसूच नये असं. हात ओला असला तरी ती मूठ सुटत नसे. चांगलं काम होतं. वाईट काम असतं तर बरं झालं असतं.

आता ब्रेकचं. हाच सगळ्यात लांबलेला विषय. जनूचं म्हणणं, फिक्सला ब्रेक लावणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला ट्यूब बांधणं. माझं म्हणणं, एक तरी हवा, आणि तो पुढचा. मागचं चाक पाय रोखतातच, तिथे ब्रेक लावून फायदा थोडा. थांबताना सगळा भार पुढे येतो, खरं काम पुढचं चाक करतं. सळईचा ब्रेक नको, तो रिमच्या आतून दाबतो, आपली रिम त्या जातीची नाही. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा वायरचा ब्रेक घ्यायचा. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, डोक्यात मडगार्डसाठी भोक आहेच, ते थोडं मोठं केलं की झालं. ब्रेकचे हात लांब दांडीचे हवेत, नाहीतर रबर रिमपर्यंत पोचणार नाही. हे सगळं मोजून मी ब्रेक आणला. डब्यातून आणला. जनूने डबा उघडला, "छान आहे" म्हणाला आणि ठेवून दिला. मी दर आठवड्याला विचारायचो. दर आठवड्याला तो एक नवीन कारण द्यायचा. कधी वायर लोंबते, कधी वजन वाढतं, कधी नुसतंच, "बघू रे." मी त्याला आकृती काढून दाखवली. फुलपाडा मार्केटपाशी रिक्षा अचानक वळली तर काय होईल ते सांगितलं. वहिनींना मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही.

मग एका रविवारी आम्ही तिघे इनासच्या ओटीवर बसलो होतो. एव्हाना रविवारी आम्ही तिघे असायचो. जनू निळ्या फिक्सवर, मी माझ्या दोन ब्रेकच्या, घंटी-मडगार्डवाल्या सायकलीवर, आणि इनास त्याच्या बायकोच्या लेडीज सायकलवर, जिच्या कॅरिअरला कायम मासळीचा वास. मी ब्रेकचा विषय पुन्हा काढला. जनूने पुन्हा ट्यूबचा विनोद केला. इनास पाव चहात बुडवत होता. मान वर न करता म्हणाला, "लाव ना रं तो ब्रेक."

"कशाला?"

"तू मेलास तर रविवारी मी कोनासंगं जाऊ?"

जनूने हातातला कप खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "इंडेंट, तो डबा माझ्या कपाटात आहे. उद्या आणतो, बसवू या."

एवढंच. इतके महिने मी रिम, चिमटा, भार, दांडीची लांबी सांगत होतो. इनासने रविवार सांगितला. दुसऱ्या दिवशी मी जनूला भोक मोठं करायला मदत केली, ब्रेक सरळ बसला, रबर रिमला नेमकं लागलं. माझं माप अचूक होतं. जनूने पाठीवर थाप मारली आणि मी हसलो. पण मला तेव्हा विचारायचं होतं, की अरे, मी मागे लागलो होतो ते तरी कशासाठी? मलाही रविवार होताच ना... ते विचारलं नाही. पुढे कधी तशी वेळ आली नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही फिरलो. कारखाना बंद झाला, मी दुसरीकडे लागलो, जनूने घरीच मोटर रिवाइंडिंगचं काम सुरू केलं. रस्त्यांवर गाड्या वाढल्या, शेतांत इमारती आल्या. रविवार तेवढे टिकले. मला सायकलीतली गंमत जनूमुळे कळली, हे सांगायला हवं. वारा समोर असला की तो मुद्दाम पुढे राहायचा आणि म्हणायचा, "माझ्या मागे लप." मी लपायचो. इनास कधी लपायचा नाही, तो शेजारून चालवायचा, गप्पा मारत. वारा खात दोघे शेजारी शेजारी आणि मी आडोशाला मागे. आडोसा मला मिळायचा, जनूच्या बोलण्यातलं मात्र निम्मं वाऱ्यावर उडून जायचं.

गेल्या गणपतीत मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो पायरीवर बसून रॉकेलने चेन धूत होता. ती आमची शेवटची भेट. थोडा दमल्यासारखा वाटला, पण विचारल्यावर उडवून लावलं. मी नेहमीप्रमाणे ब्रेककडे बोट करून चिडवलं, "काय, लागला का कधी उपयोगाला?"

"छे! शोभेला आहे. तुझं मन राखायला ठेवलाय."

तेराव्यानंतर वहिनींनी आम्हाला दोघांना बोलावलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सायकल भिंतीला टेकून उभी होती. "तुमच्यापैकी कोणीतरी न्या," त्या म्हणाल्या. "मला ती नुसती उभी बघवत नाही. कोणी न्यायची ते तुम्ही ठरवा." मी खाली बसून सायकल पाहू लागलो. आधी तपासणी. मागची रिंग घट्ट. अठरा दात थोडे झिजलेले, पण चालतील. मग पुढचा ब्रेक पाहिला, आणि पाहतच राहिलो. रबरं झिजून पार धातूपर्यंत आली होती. शोभेच्या ब्रेकचं असं होत नाही.

"हा तर वापरत होता!" मी म्हणालो.

"मग?" इनासला नवल वाटलं ते माझं. "रोज वापरायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोरं खेळतात ना, तिथं दाबायचाच. किती वेळा रबर बदललं त्यानं." मग म्हणाला, "तुला न्हाय सांगितलं? म्हनायचा, अरुनला बोलू नको, तो मग मागचा पन लावायला लावील."

वहिनी हसल्या. जनू गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून मीही हसलो. खरं तर ब्रेकने त्याला सांभाळलं याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्याबरोबर हेही आलं, की माझ्या ब्रेकची बातमी इतकी वर्षं इनासकडे होती आणि मला नव्हती. यावर इनासशी भांडावं म्हटलं तर त्याला यातलं काही माहीतच नाही. आपण कुणाच्या आधी आहोत, कुणाच्या नंतर, असला हिशोब त्याच्या डोक्यात येत नाही. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "अरुन, तूच ने. माझ्याकडे दर्याचं वारं, महिन्यात गंजंल. तू नीट ठेवशील."

मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

सायकल मी हातात धरून तुळिंजला आणली. चालवत आणणं जमण्यासारखं नव्हतं. सीट जनूच्या उंचीची, आणि न थांबणाऱ्या पायडलची मला आजही भीती वाटते. पुलावरून येताना हात हँडलवर होते, म्हणजे इनासच्या दोऱ्यावर. तो दोरा मी सोडवणार होतो. टेपची पुडी अजून कुठेतरी आहे. पण गाठ सापडत नाही, आणि कापायला हात होत नाही.

आता ती आमच्या गॅलरीत आहे. कामं लिहून काढली आणि एकेक उरकली. चेनला तेल, चाकातली दोन्ही बेअरिंगं, हवा, सीट खाली. राहिला आहे तो पुढचा ब्रेक. नवी रबरं आणली, नवी वायर आणली, कारण जुनी आतून गंजून तुटायला आली आहे. रबरं बसवणं एकट्याचं काम. वायर तशी नाही. एकाने दोन्ही दांड्या रिमवर दाबून धरायच्या, आणि तेवढ्यात दुसऱ्याने वायर ओढून नट आवळायचा. एकट्याने केलं तर ती ढिलीच राहते. बायको म्हणाली, "अहो, मी धरते की. किती दिवस ते उघडं ठेवणार?"

मी म्हटलं, "नको, राहू दे."

इनासला फोन करायचा आहे.